विस्तवातून काढलेलं हाड

पुंडलिकराव मास्तर निवृत्त झाले आणि गिरडच्या टेकडीखालच्या त्या गावाची पोरं सुटली, पण जयवंताबाई सापडल्या. तीस वर्षं सगळ्या शाळेला पुरून उरलेलं ज्ञान आता एकट्या बायकोवर पडू लागलं. पाटा कुठल्या दिशेला तोंड करून धुवावा, हेही बाई पन्नाशीत शिकल्या. जिल्हा तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात असला तरी मास्तर बोलत मात्र पुस्तकातली मराठी. ती ऐकून गडीमाणसं मान डोलवत आणि स्वतःला हवं तेच करत.

त्यात भुऱ्या आला. शेतात तण निंदायला येणाऱ्या गोंडपुऱ्यातल्या पंचफुलानं ते कुत्र्याचं पिल्लू बाईंच्या पदरात टाकलं. दोन्ही मुली लग्न होऊन हिंगणघाटला गेलेल्या. बाईंनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पिल्लू जगवलं आणि त्याच्याशी दिवसभर बोलू लागल्या. तो निदान मध्येच चूक काढत नसे.

पाचव्या महिन्यात भुऱ्यानं मास्तरांची एक खडाव कुरतडली. पुढच्या आठवड्यात पोथीचा पाट कुरतडला. मास्तरांनी निकाल दिला, "याला उद्याच गिरडच्या रस्त्यावर सोडून यायचं."

पंचफुला तेव्हा अंगणाबाहेर उभी होती. ती म्हणाली, "दात येऊन राह्यले जी त्याले. हाड द्या. पण कच्चं द्या, अन् त्याच्या तोंडापरीस मोठं. पहिले पोटभर जेवू घाला, मंग द्या. अन् जवळ बसून राहा. चघळून लहान झालं का काढून घेजा. शिजलेलं बिलकूल नोका देऊ, ते फुटते अन् नरड्यात रुतते."

"हाड? या घरात?" मास्तरांनी गळ्यातली तुळशीची माळ वर उचलून दाखवली, जणू ती कुणाला दिसतच नव्हती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "भुऱ्या गेला का मी बी जाते लेकीकडे. भाकरी तुमी थापजा."

मास्तर रात्रभर विचार करत राहिले आणि सकाळी शास्त्राला वाट सापडली. कच्चं म्हणजे राक्षसाचं खाणं, ते चालणार नाही. पण अग्नी सगळं शुद्ध करतो. विस्तवातून काढलेली वस्तू पवित्र! गिरडला कुणीतरी नवसाचा बकरा कापला होता. पंचफुलाच्या नवऱ्यानं, मंगरूनं, त्याच्या मांडीचं हाड आणून दिलं. मास्तरांनी गोठ्यामागे चूल मांडली, मडकं चढवलं आणि दोन तास स्वतः जाळ घातला. शेवटी वर तुळशीचं पानही टाकलं.

"पंचफुला कच्चं म्हणे," बाई म्हणाल्या.

"पंचफुलानं कोणतं शास्त्र वाचलं आहे?"

बाई गप्प बसल्या. तीस वर्षांची सवय होती. त्या गप्प बसण्याचा त्यांना पुढे स्वतःचाच फार राग आला.

मास्तरांनी हाड पळसाच्या पत्रावळीवर वाढलं, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. कडकन् आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा भुऱ्या पंजांनी तोंड ओरबाडत होता. लाळ गळत होती, श्वास घरघरत होता.

"हा असं का करतो आहे?" मास्तरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

बाई कुंपणाकडे धावल्या. "पंचफुले! धाव वं माय! माहा भुऱ्या चालला!"

पंचफुला कुंपणापलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून धावत आली. तिनं गुडघ्यानं कुत्रं दाबलं, समोर पडलेली तीच कुरतडलेली खडाव त्याच्या जबड्यात आडवी घातली आणि हात थेट घशात घातला. भुऱ्यानं धडपडीत तिचा हात फाडला, पण तिनं तो काढला नाही. काढला तेव्हा त्यात बोटभर लांब, सुईसारखी हाडाची चीप होती. भुऱ्या खोकला, ओकला आणि मोठा श्वास घेऊन बाईंच्या मांडीवर येऊन पडला. बाई मातीतच बसून रडल्या.

पंचफुलानं चीप नाकाशी धरली. "शिजवलं?"

मास्तर आभाळाकडे पाहत होते, तिथे काही लिहिलेलं असल्यासारखे.

चीप ओट्यावर टाकून ती म्हणाली, "पाणी द्या जी बाई थोडं." मग रोजच्यासारखी ओट्याखाली वाकली आणि वरून पाणी घ्यायला तिनं ओंजळ पुढे केली. ओंजळीत रक्त होतं.

बाईंनी त्या ओंजळीकडे पाहिलं. त्या उठल्या, देवघराशेजारचा पितळी लोटा भरून आणला आणि तिच्या हातात दिला. "तोंड लावून पे."

पंचफुलानं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि घटाघटा लोटा रिकामा केला.

मास्तरांना आता कंठ फुटला. "तो लोटा विस्तवातून काढावा लागेल."

बाईंनी ओट्यावरची चीप उचलली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण पहिले हे पाहून घ्या. हे बी तुमीच विस्तवातून काढलं."