फळीवरची नॅरोगेज

चाकणच्या कंपनीतून, टूलरूममधली उभी नोकरी संपवून हिंदुराव घरी बसले, ते थेट जेवणाच्या टेबलावर ठाण मांडूनच. टेबलावर ड्रॉइंगचे कागद, मोजपट्ट्या, गमाची बाटली आणि मधोमध प्लायवुडची एक फळी. कासारवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाची ताटं आता मांडीवर आली होती.

त्या फळीवर हिंदुरावांना बार्शीकडची आपल्या लहानपणीची नॅरोगेज उभी करायची होती. खरी लाईन कधीच ब्रॉडगेज झाली. निदान फळीवर तरी ती राहावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्या बायकोची, सुमनताईंची, अट एकच होती, की फळी चपलांच्या कपाटावर मावली पाहिजे.

"हे काय काढलंय?" एका रविवारी त्यांनी नकाशात डोकावून विचारलं.

"हे स्टेशन, ही पाण्याची टाकी, हा पूल, हा उसाचा फड. आणि हा आठवड्याचा बाजार."

"सगळा तालुकाच आणलाय की! गाडी कुठनं जाणार, माणसांच्या डोक्यावरनं?"

दुखणं नेमकं तेच होतं. एवढ्याशा फळीवर रूळ वळवायचा, तर वळण इतकं तीव्र होई की इंजिन पहिल्याच फेरीत उसात जाऊन झोपलं असतं. हिंदुरावांनी डबे कमी केले. एकच डबा राहिला, तेव्हा सून रुपाली म्हणाली, "बाबा, ही रेल्वे नाही, शेअर रिक्षा दिसतेय."

हिंदुरावांनी पेन्सिल खाली ठेवली. टूलरूममध्ये केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि त्याला आपलीच आगगाडी बसवता येईना.

"इंजिन काढाच," सुमनताई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "ट्रॉली बसवा. ती मावते."

हिंदुरावांचे कान लाल झाले. "सुमन, विषय बदल."

"कसली ट्रॉली, आई?" रुपालीनं खुर्चीच ओढली.

"अगं, रूळ तपासायची, गँगमन ढकलत नेतात ती. आमच्या लग्नाला वऱ्हाड गाडीनं आलं. आमच्याकडनं ताशा वाजायला लागला, हार पुढं झाले, आणि नवरदेवच न्हाई! हे मधल्या स्टेशनावर उतरले होते."

"चहाला?"

"चहाला नाही," हिंदुरावांनी घाईनं खुलासा केला. "रुळांचा सांधा कसा बदलतात ते बघायला. गाडी हलली तेव्हा मला वाटलं, शंटिंग चाललंय."

रुपाली हसून हसून टेबलावर पालथी पडली.

"मग ट्रॉलीवाल्यांनी आणून सोडलं," सुमनताईंनी गोष्ट पुरी केली. "मुंडावळ्या उडतायत, दोन गँगमन मागनं ढकलतायत, आणि हे मधी ताठ बसलेले, जसे काय साहेबच लाईन बघायला आलेत."

"हे तुला तुझ्या भावानं सांगितलंय. तिखटमीठ लावून."

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी बघितलंय."

हिंदुराव वळले. "तू तर मांडवात होतीस."

"मांडवात बसून काय करू? मामा म्हणत होते, असला वेंधळा जावई नको, मोडा लग्न. म्हणून मी आणि माझी मैत्रीण कस्तुरा मागनं पळालो, स्टेशनाजवळच्या कडुलिंबामागं उभ्या राहिलो. म्हटलं, मोडायचं असलं तर एकदा बघून तरी मोडू."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे हिंदुरावांना ठाऊक नव्हतं. बायकोनं आपल्याला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट सरल्यावर, अशीच त्यांची समजूत होती. त्या क्षणी आपण बरे दिसत होतो, याचाही त्यांना गुपचूप अभिमान होता.

"मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग काय? बाशिंग कानावर आलेलं, तोंडभर धूळ. पण उतरल्या उतरल्या तुम्ही आधी त्या गँगमनांच्या पाया पडलात, सासऱ्याच्या नंतर. मी मामांना म्हटलं, माझं लग्न मोडायचं न्हाई."

रुपाली हसायची थांबली होती. हिंदुरावांनी चष्मा काढून उगाचच पुसला. मग खोडरबर घेतलं. पूल गेला, बाजार गेला, ऊस गेला. राहिला एक सरळ रूळ, एक फलाट आणि मधे अंगठ्याएवढी ट्रॉली.

"लिंब कुठं होता?" त्यांनी विचारलं.

सुमनताईंनी लसणाचं बोट कागदावर टेकवलं. "हितं."

"इतका जवळ? रुळाला खेटून झाड रेल्वेच्या नियमात बसत नाही."

"आणि ट्रॉलीवर नवरदेव बसतो व्हय नियमात?"

हिंदुरावांनी लसणाच्या डागाभोवती गोल काढला आणि त्यात नीट अक्षरात लिहिलं, 'लिंब'.