शेवटच्या नऊ ओळी

“शेवटचा प्रवेश काढला,” दिग्दर्शक रूपर्ट म्हणाला आणि हेस्टरच्या डोळ्यांदेखत त्याने संहितेचं पान टरकावलं. “राणी पडली की अंधार. लोकांनी हादरून घरी जायचं.”

“आणि ॲल्फ्रेड?”

“नऊ ओळी तर आहेत! म्हातारा घरी बसून चहा पिईल.”

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या त्या थिएटरात हेस्टर प्राउझ एकतीस वर्षं विंगेत बसत आली होती. दिवे, पडदा, नटांच्या एंट्र्या, सगळं तिच्या इशाऱ्यावर. ही जुनी शोकांतिका तिने तीनदा केली होती. भाऊ भावाला मारतो, राज्य पेटतं, रंगमंचावर पाच प्रेतं पडतात. मग ॲल्फ्रेड करतो तो म्हातारा सरदार येतो आणि ती उचलायला लावतो.

हेस्टर नऊ वर्षांची असताना तिचे वडील ज्या मासेमारीच्या बोटीवर कामाला होते, ती त्यांच्यासकट उत्तरेच्या समुद्रात बुडाली. तीन दिवस बोटीच्या मालकांकडून कुणी फिरकलं नाही. आई दारातच उभी होती. हादरणं म्हणजे काय, हे हेस्टरला या दिग्दर्शक पोराकडून शिकायचं नव्हतं.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाला तिने ॲल्फ्रेडला बोलावून घेतलं. “झगा चढव.”

“नोकरी जाईल तुझी, पोरी.”

“ओळी आठवतात का, तेवढं सांग.”

राणी कोसळली. प्रकाशवाला हेडफोनमधून कुजबुजला, “अंधार करू?”

“थांब.”

“अगं, हेस्टर...”

“बटणावरून हात काढ म्हणते ना!”

ॲल्फ्रेड काठी टेकत आत गेला. “उचला यांना,” त्याचा आवाज फाटला. “सावकाश. ही कुणाची तरी माणसं आहेत.” तो थांबल्यावर हेस्टर म्हणाली, “आता कर.”

रूपर्ट विंगेत धावत आला. “नाटकाची वाट लावलीत! नुसता गोंधळ!”

“गोंधळ? पाच प्रेतं तशीच टाकून तू निघाला होतास घरी!”

थिएटरचा व्यवस्थापक मध्ये पडला. “हेस्टर, दिव्यांत बिघाड झाला असं लिही. नोकरी वाचेल.”

तिने प्रयोगाची नोंदवही ओढली. ‘शेवटचा अंधार चार मिनिटं उशिरा. दिवे ठीक होते. इशारा मी दिला नाही.’ खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.