थोरल्याच्या वाटचं रक्त

मित्रांनो, मी एका वयस्क शिंप्याच्या यकृताचा डावा भाग आहे. उजवा भाग माझा थोरला भाऊ. आईच्या पोटात आम्ही एकत्रच घडलो, पण तो अंगापिंडाने भरला आणि मी त्याच्या आडोशाला राहिलो. आमच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी मशीनवरून न उठता वेळी-अवेळी काहीबाही पोटात ढकलावं आणि थोरल्याने ते निमूट निस्तरावं, असं वर्षानुवर्षं चाललं.

मग थोरल्याच्या अंगात गाठ सापडली.

"उजवा भाग काढावा लागेल," सर्जनबाई म्हणाल्या. "पण डावा फार लहान आहे. एकट्याला झेपणार नाही."

"म्हणजे कापड कमी पडतंय," मास्तर म्हणाले.

"हो. पण हे कापड वाढवता येतं."

त्यांनी बारीक नळी आत घालून थोरल्याला रक्त पुरवणारी मोठी शीर बुजवली. त्याच्या वाटचं रक्त माझ्याकडे लोटलं. माझी नुसती तारांबळ उडाली. वाढायचं तर होतं, पण वाढायला लागतो तो मालच येईना! शेजारी गाठ मात्र फुगत होती.

पुढच्या तपासणीत सर्जनबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जेवताय ना नीट?"

"छे हो, नुसतं पातळ सूप. म्हटलं, बिचाऱ्या यकृताला जरा आराम."

"मी तर घरात अंडीसुद्धा आणणं बंद केलं," मास्तरांची मुलगी कौतुकाने म्हणाली.

"अहो, त्याला वाढायचंय आणि तुम्ही उपाशी ठेवलंत!"

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. माझी वाढ आणखी जोमाने व्हावी म्हणून बाईंनी थोरल्याकडून रक्त बाहेर नेणारी शीरही बुजवली. मुलगी आता ताट संपेपर्यंत बाबांसमोरून हलेना. मी हावरटासारखा वाढत सुटलो. थोरला मात्र रोज आक्रसत होता, आणि त्याच्याच वाटचं खातोय हे मला डाचत होतं.

"आता पुरेल," बाई एकदाच्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली. मास्तर वाचले.

आता सगळं काम माझ्यावर आहे. शेजारची जागा रिकामी आहे आणि मला अजून तिची सवय होत नाही. मित्रांनो, आम्हाला आतून दुखत नाही, म्हणून ओरडताही येत नाही. न ओरडणाऱ्यांचीही वेळेवर विचारपूस करत जा. थोरल्याची कोणी केली नाही. मीसुद्धा नाही.