आधी डबा, मग कॅमेरा

मी एक जुना डबा आहे. हसू नका, मित्रांनो! चहा-साखरेचा नाही, खिळे-स्क्रूंचा तर नाहीच नाही. व्हिडिओ कॅमेऱ्याला पाण्याखाली घेऊन जाणारा डबा आहे मी. जाड पारदर्शक प्लास्टिकचं अंग, पुढे सपाट काच, मागे झाकण, झाकणाच्या खाचेत काळी रबराची रिंग आणि वर तीन चाप. बाहेरून कॅमेऱ्याची बटणं दाबता यावीत म्हणून माझ्या अंगातून दोन दांड्या आत जातात. कारखान्यात मला तासभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं होतं. आत थेंब गेला नाही. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "पास!" आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि पुढची चार वर्षं मी तेवढ्यावरच काढली.

कारण मी दुकानात आलो आणि डोक्याला ताप सुरू झाला. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकवणार आणि पहिला प्रश्न विचारणार, "झूम किती?" अहो, पाण्यात झूम घेऊन काय करायचंय? लांबून चित्र काढलं की सगळं धुरकट येतं. पाण्यात जवळच जावं लागतं, आणि जवळूनही सगळं मावेल असं भिंग लागतं. ते कुणी विचारायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, कॅमेरा डब्यात बसायला नको का? मी एकाच मॉडेलच्या मापाचा. दुसरा कुठलाही कॅमेरा माझ्यात घातला की एकतर खुळखुळतो, नाहीतर अडकतो. तरी लोक आधी कॅमेरा घेतात आणि मग डबा शोधत फिरतात. चार वर्षं मी हे बघितलं. कंटाळलो, वैतागलो, खालच्या कपाटात धूळ खात पडलो.

एका दुपारी तिघं जण आले. एक शिंपीकाका, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि तिचा मामा. मामाच्या हातात कोराकरकरीत कॅमेरा.

"ह्याला पाण्यात न्यायचा डबा द्या," मामा म्हणाला. "झूम बघा कसला आहे! समोरच्या इमारतीवरचा कावळा दिसतो."

"कावळा कशाला, मामा?" भिंगरी म्हणाली. "माझा हात दिसायला हवाय."

मग मला कळलं ते असं. भिंगरी पोहायची. दहा दिवसांवर संघाची निवड होती आणि तिचा डावा खांदा ठणकत होता. डॉक्टरांना हाडात काही सापडलं नव्हतं. पोहणं शिकवणाऱ्या बाईंना काठावरून तिचा हात अगदी बरोबर दिसत होता, पण पाण्याखाली तो काय करतो ते कुणालाच दिसत नव्हतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दुखण्याचं कारण सापडलं नाही तर पोहणं बंद. सहा वर्षांची मेहनत होती, मित्रांनो!

दुकानदारानं मला काढलं, फुंकर मारली. मामानं कॅमेरा माझ्यात कोंबायला सुरुवात केली. "बसेल, बसेल, जरा जोर लावायला हवा." अरे, जोर कसला लावतोस? माझी एक दांडी जवळजवळ मोडलीच होती!

"मामा, थांब ना!" भिंगरीनं मला हिसकावून घेतलं, उलटं केलं आणि तळाशी छापलेला कॅमेऱ्याच्या मॉडेलचा नंबर मोठ्यानं वाचला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाचला!

"तो कॅमेरा होय? वरच्या फळीवर आहे एक," दुकानदार म्हणाला. "पण जुना आहे. झूम काहीच नाही."

एकाच दुकानात आम्ही दोघं चार वर्षं, तो वर आणि मी खाली, आणि कुणाला पत्ता नाही! त्याला माझ्यात ठेवला, तर हलकेच खट्‌ असा आवाज आला आणि तो बसला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर शिंपीकाकांनी झाकण कुणाला लावू दिलं नाही. "मी लावतो. बारीक काम मला कळतं." खरंच कळत होतं. कॅमेरा नीट ठेवला, चाप सावकाश दाबले. पण त्यांच्या बाहीवरचा एक पांढरा दोरा सुटला आणि माझ्या रिंगेवर आडवा पडला. केसाएवढा दोरा! रोज दोऱ्यात वावरणाऱ्या माणसाला तो दिसणार कसा? मला तोंड असतं तर मी तलाव डोक्यावर घेतला असता.

बाई मला घेऊन पाण्याखाली गेल्या. भिंगरी आमच्या डोक्यावरून पोहत गेली. दोऱ्याच्या बाजूनं पाणी आत झिरपू लागलं. कॅमेरा चित्र घेत राहिला. चाळीस सेकंद घेतलं त्यानं, आणि मग त्याचा लाल दिवा विझला.

वर आल्यावर काकांनी झाकण उघडलं, तर पाणी सांडलं आणि दोरा त्यांच्या बोटाला चिकटला. त्यांनी तो दोरा उजेडात धरला. "माझ्याच हातानं घालवलं मी पोरीचं," म्हणाले.

पण चित्र साठवणारं कॅमेऱ्यातलं कार्ड पाण्यातून वाचलं होतं. ते पुसून, वाळवून संगणकाला लावलं.

"थांबवा! बाई, हात बघा!" भिंगरी ओरडली. तिचा डावा हात पाण्याखाली पोट ओलांडून पार उजवीकडे जात होता, आणि दर वेळी खांद्याला पीळ बसत होता.

"आणि मी वर्षभर काठावरून शाब्बास म्हणत होते," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला.

नऊ दिवस भिंगरीनं हात सरळ ओढायचा सराव केला. निवडीच्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं. मामानं मला उचलून सगळ्यांना दाखवलं, "डब्यानं काम केलं बरं का!"

माझ्यानं ऐकवेना. काम त्या कॅमेऱ्यानं केलं. पाणी बाहेर ठेवायचं एवढंच माझं काम होतं, आणि तेवढंही मला जमलं नाही. तो पुन्हा सुरू झाला नाही. ते मॉडेल आता कुणी बनवत नाही, म्हणून मी रिकामाच आहे.

मित्रांनो, झूम नंतर विचारा. आधी डबा बघा, माप बघा. आणि झाकण लावण्यापूर्वी रिंगेवरून एकदा, फक्त एकदा, बोट फिरवा. आत बसलेला तुमच्या भरवशावर पाण्यात उतरत असतो.