कडी न लावलेलं दार

"बाबा, तुमी रात्रीचं दार उघडं टाकून झोपता, बिबट्याची भीती नाय वाटत का?"

हा प्रश्न माझा नाही. तो नूतन आणि तेजस्विनीचा. विचारायचं काम तेवढं माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मीच ते हौसेनं घालून घेतलं. आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घामाघूम व्हायचे. मग करोना आला, शाळा मोबाईलवर आली, कॅमेरा बंद ठेवून बोलता यायला लागलं आणि मला शोध लागला की आपल्याला आवाज आहे, आणि तो चांगला खणखणीत आहे. आता दहावी सुरू झालीय आणि गणिताच्या सरांना 'सर, हे परत सांगा' म्हणणारी अख्ख्या वर्गात मी एकटी. त्यामुळे मैत्रिणींनी पैज लावायला मीच सापडणार.

झालं असं, की नूतनचे वडील रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला मळ्यात जातात. त्यांना तीनदा दिसलं, हौशीबाबांचं दार सताड उघडं, आत बल्ब चालू आणि बाबा दारासमोरच खाटेवर. त्याच आठवड्यात शेजारच्या उसातून बिबट्यानं नूतनचं कुत्रं उचललं होतं. ग्रुपवर लई थट्टा झाली. बाबांनी बिबट्याला पाहुणा म्हणून आवतण दिलंय, त्याला चहा चालतो का, असलं काहीबाही. तेजस्विनीनं लिहिलं, लई बोलतीस ना, मग विचारून दाखव, आणि रेकॉर्डिंग पाहिजे, नुसतं सांगायचं नाय. हरले तर मी कॅमेरा चालू करून गाणं म्हणायचं.

हौशीबाबा म्हणजे हौशीराम, माझ्या पप्पांचे सख्खे चुलते. डिंगोरे गावच्या मळ्यात आमच्या आणि त्यांच्या घरात एकच वावर आडवं. मे महिन्यात त्यांच्या बायकोला, सारजाआजीला, मंचरला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. तिकडंच सगळं उरकलं. तिला ताप आला त्याच दिवशी पप्पांनी दोन घरांमधल्या वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या होत्या. तेव्हा सगळेच टाकत होते, गावाच्या वेशीवरही होत्या. चौदा दिवसांपुरत्या, असं पप्पा म्हणाले होते. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी बाबांची दोनदा तपासणी केली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. काट्या वाळून करड्या पडल्या, त्यांच्यावर कसलासा वेल चढला, तरी त्या काढायचं नाव कुणी घेईना.

आम्ही बाबांना वाऱ्यावर सोडलं होतं असं नाही. आई दर सोमवारी काट्यांपाशी पिशवी ठेवून यायची. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर, प्रत्येक पुडा साबणाच्या पाण्यानं पुसलेला. लांबून हाक मारायची, बाबा हात वर करायचे. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो रोज फोन करतो आणि बाबा रोज 'मी बरा हाय' म्हणतात. सगळं नीट चाललंय, असंच वाटायचं.

तर त्या दिवशी सकाळचा तास संपल्यावर मी बांधावरून वळसा घालून गेले. बाबा ओसरीवर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा खांद्यांवर. मी मोबाईल पाठीमागं धरून रेकॉर्डिंग चालू केलं आणि प्रश्न विचारून टाकला.

त्यांनी मान दाराकडं वळवली. मग म्हणाले, "कडी सारजा लावायची. मला सवय न्हाई."

"मग आता तुमी लावा की. बिबट्या येईल ना."

"येऊ दे की. कोणतरी येईल."

मी हसले. थट्टाच वाटली मला. पण बाबांच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. दूधवाला येईल म्हणावं तसं ते म्हणाले होते. माझं हसू तोंडातच राहिलं. कुठं बघावं कळेना म्हणून मी ओसरीकडं बघितलं, तर भिंतीला लागून आईच्या पिशव्या. मी मोजल्या. सात. सातही पिशव्यांना आईनं मारलेली गाठ तशीच. एक उंदरानं खालून कुरतडलेली, पीठ सांडलेलं, त्यातून मुंग्यांची रांग. अंगणातली चूल सारवलेली, स्वच्छ, तिच्यात राखेचा कणसुद्धा नाही.

जेवता काय, असं विचारलं. शेळीचं दूध आणि दुकानातली बिस्किटं, बाबा म्हणाले. मी म्हटलं, एवढं पीठ पडलंय, भाकरी का नाही करत?

त्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. "अगं, मयताच्या घरातली चूल आपल्या हातानं पेटवायची नसती. पयला घास भावकीनं आणायचा. पिठलं-भाकर. समोर बसून खायला लावायचं, मग चूल पेटवायची. आमच्याकडं शिधा आला, घास नाय आला." वर म्हणाले, "येत्याल म्हनलं. लोकं कामात असत्याल."

त्यांनी कुणाला नावं ठेवली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, तू कशाला आलीस? पैजेसाठी आले, हे कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, सहज.

"सहज आलीस व्हय?" असं म्हणून ते खाटेवर सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मी तासभर बसले. उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, लगेच निघालीस?

घरी आले तर ग्रुपवर चौदा मेसेज. विचारलंस का, काय म्हणाले, टाक की लवकर. मी लिहिलं, 'हरले. गाणं उद्या.' आणि मोबाईल खाली ठेवला.

दुपारी आई आणि पप्पा जेवायला बसले तेव्हा दोन ताटांच्या मध्ये तो मोबाईल ठेवून मी रेकॉर्डिंग लावलं. 'येऊ दे की' ऐकून पप्पांचा हात ताटातच थांबला. 'घास नाय आला' ऐकल्यावर आईनं पदर तोंडाला लावला. मी दर सोमवारी देत व्हते, ती म्हणत राहिली, एक सोमवार चुकवला नाय मी. शिजवलेलं नेलं असतं तर त्या घरातली भांडी परत आली असती, घरात तुम्ही पोरं, तिला भीती वाटली. ते मला पटलंसुद्धा. आई खोटं बोलत नव्हती.

पप्पांनी ताट बाजूला सारलं. "चौदा दिवस झाल्यावर रोज म्हनायचो, उद्या काढू काट्या," ते मान खाली घालून म्हणाले. "जसजसा उशीर झाला तसतशी तोंड दाखवायची लाज वाटाया लागली." मग मान वर केली आणि त्यांचा नेहमीचा आवाज आला. तू पोर हायस, मोठ्यांच्यात पडू नको, रविवारी भावकीतली चार माणसं घेऊन रीतसर जाऊ.

तो बुधवार होता. रविवारपर्यंत चार रात्री. चारही रात्री ते दार उघडं राहणार होतं.

मी उठले, डब्यातल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि कढई गॅसवर ठेवली. मग माझा आवाज निघाला.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. पिठलं मला येतं, दहा मिनिटांत होईल. ते घेऊन मी आत्ता जाणार आणि बाबा जेवेपर्यंत समोर बसणार. आशाताईंना तिथूनच फोन लावणार आणि हे त्यांनाही ऐकवणार. आज संध्याकाळी कडी लावून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही, आणि उद्यापासून माझी शाळा बाबांच्या ओसरीवर भरणार, रोज. तुम्ही रागावलात तरी. काट्या मात्र मी काढणार नाही. त्या पप्पांनी टाकल्यात. पप्पा त्या काढतील तोपर्यंत मी बांधावरून वळसा घालून जाईन."