आजच्यापुरता आवाज

"हाल्वर, तुझा श्वाससुद्धा त्या टेपवर येतो. एक तर वर जाऊन बस, नाही तर श्वास घेऊ नकोस," असे म्हणून आर्डिसने यंत्राच्या लाल बटणावर बोट ठेवले.

मी श्वास रोखून बाकावर बसून राहिलो. आमच्या चर्चच्या तळघरात हिवाळ्यात इमारत उबदार ठेवणारी भट्टी पुन्हा पुन्हा घरघरत असे. तिची एक घरघर शमून दुसरी सुरू होण्यापूर्वी जी अल्पशी शांतता लाभे, तेवढ्या अवधीत माझी पत्नी त्या दिवसाचे मनन उच्चारीत असे. तिने घड्याळाकडे कधी पाहिले नाही. भट्टीचा स्वभाव तिला ठाऊक होता.

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाटीवर हिमवादळ सुटले म्हणजे शेजारचे शेतघरही परदेशाइतके दूर होते. अशा दिवसांत मंडळीला प्रभूच्या वचनापासून पारखे व्हावे लागू नये, या हेतूने आमच्या चर्चने एक टेलिफोन क्रमांक घेतला होता. कोणीही तो फिरवावा, दोन मिनिटांचे मनन ऐकावे आणि कामाला लागावे. त्या यंत्रात मननासाठी एकच कॅसेट बसत असे, आणि आजचे बोलणे कालचे बोलणे पुसून त्यावरच चढत असे. मनन करण्याचे काम पूर्वीच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, आर्डिसवर सोपविले, ते तिच्याकडेच राहिले. गाईच्या गोठ्यातून, पेट्रोल पंपावरून, वृद्धाश्रमातून लोक फोन करीत. पलीकडच्या युक्रेनियन चर्चची माणसेही करीत, परंतु ते कबूल करीत नसत.

आर्डिस धर्मशास्त्र शिकलेली नव्हती. बर्फात रुतलेली गाडी, दगावलेले वासरू, आटलेली विहीर, असल्याच गोष्टींतून ती देवावर भार टाकण्याविषयी बोले. नाव कोणाचेही घेत नसे. तरीपण ज्याच्यासाठी ते बोलणे असे, त्याला ते बरोबर समजत असे.

त्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला आणि उठलाच नाही. रेजायना शहरातल्या डॉक्टरांनी तपासून निदान सांगितले की घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढून टाकल्यास जीव वाचेल, आवाज मात्र वाचणार नाही. शस्त्रक्रिया गुरुवारी दुपारी ठरली.

मंगळवारी बायकांच्या कॉफीच्या वेळी आमचे तरुण पाळक डेल कोऱ्या कॅसेटींचा खोका घेऊन तळघरात उतरले.

"आर्डिसबाई, अजून दोन दिवस हातात आहेत," ते अदबीने म्हणाले. "थोडं थोडं बोलून ठेवलंत तर बर्फ वितळेपर्यंत पुरेल. मी रोज सकाळी नुसती कॅसेट बदलत जाईन."

"कोबीचं लोणचं आहे का ते, बरण्या भरून ठेवायला?"

"अगं, पण लोकांना तुझाच आवाज हवाय," बर्निस म्हणाली. महिला मंडळाची ती प्रमुख, आणि तिला नकार ऐकण्याची सवय नव्हती.

"लोकांना काय वाट्टेल ते हवं असतं, बर्निस. तुझ्या नवऱ्याला जुलैतसुद्धा बर्फावर बसून मासे पकडायचे असतात."

बायका हसल्या. बर्निस हसली नाही. आर्डिस खाकरली; त्या खाकरण्याचा आवाज सर्वांनाच नकोसा वाटला.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "बायबलातल्या त्या लोकांना रानात देव रोजचं अन्न रोज द्यायचा. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. तुम्हीच शिकवता ना हे पोरांना?"

"ते अन्नाबद्दल आहे."

"मग हे कशाबद्दल आहे? बर्फ वितळेल तेव्हा कुणाच्या घरात काय घडलेलं असेल, ते मला आज कसं कळणार? ज्याची बायको त्या दिवशी गेली असेल त्याला मी डब्यातून लोणच्याच्या गोष्टी सांगू?"

पाळकांनी खोका उचलला. त्यांचा चेहरा पडला होता, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता.

घरी आल्यावर ती भांडी विसळत असता मी माझी याचना पुढे ठेवली. मी म्हणालो, "मंडळीसाठी नको करूस. माझ्यासाठी एक कॅसेट कर. काहीही बोल. मला रागाव वाटल्यास."

तिने पाणी बंद केले.

"आणि तू तिचं काय करणार?"

"ऐकणार."

"म्हणजे मी इथे भांडी घासत असेन, आणि तू तिकडे खुर्चीत बसून एका डब्याला कान लावशील. मेलेल्या बायकोचा फोटो घेऊन बसतात तसा. मी मेलेली नसेन, हाल्वर! मी याच स्वयंपाकघरात असेन. तुला माझ्याकडे बघावं लागेल."

मी एक ताटली उचलून पुसू लागलो.

"आणि शुक्रवारी सकाळी तू बोलायचंस," तिने पुढे सांगितले.

"मी? मला जेवणावरची प्रार्थनासुद्धा धड येत नाही. बटाटे थंड होतात असं तूच म्हणतेस."

"गाईंना हाका मारतोस तेव्हा तीन शेतांपलीकडे ऐकू जातं. तेवढा आवाज पुरे. जुन्या आवाजावरच बोल. कॅसेट काढायची नाही. वचन दे."

मी वचन दिले. त्या घटकेला मी काहीही दिले असते.

गुरुवारी पहाटे तिने मनन केले, ते मी पायरीवर उभा राहून ऐकले. ती म्हणाली:

"आज गुरुवार. देवाने दिला, आपण घेतला. हातपंप गोठला की माझी आई त्यावर गरम पाणी ओतायची आणि दांडा हलवायला लागायची. आधी नुसती हवा यायची. पंप कण्हायचा. तरी ती दांडा सोडायची नाही. आज माझ्या हातात दांडा आहे आणि हवाच येते आहे. मी सोडणार नाही. तुमच्यापैकी ज्याच्या हातात असेल त्यानेही सोडू नये. आमेन."

भट्टी पुन्हा घरघरू लागली. तिने कोट घातला, आणि आम्ही निघालो.

त्या प्रवासात ती मला काही शेवटचे, गंभीर असे सांगेल अशी माझी समजूत होती. तिने तसे काहीच केले नाही. रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती मोठ्याने वाचीत गेली. गावांची नावे, खताच्या जाहिराती, पुढच्या वळणावर मिळणाऱ्या 'ॲपल पाय' या गोड पदार्थाची पाटी. धान्याचे उंच कोठार दिसले की त्यावरची अक्षरे ती दुरूनच वाची. ट्रक सावकाश चालविल्याबद्दल तिने मला दोनदा झापले. एकदा नुसतेच "हाल्वर" म्हणाली. मी "काय?" असे विचारले, तेव्हा "काही नाही, म्हणून बघितलं," असे उत्तर मिळाले. शहर जवळ आले तसा तिचा आवाज फाटत गेला. परंतु इस्पितळाच्या दारावरची "गाडी येथे उभी करू नये" ही पाटीही तिने वाचलीच.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. गळ्याभोवती पट्ट्या आणि नळी अशा अवस्थेत ती झोपली होती. गाई विण्याचा हंगाम असल्यामुळे मला त्याच संध्याकाळी घरी परतणे भाग होते. गावात शिरताच पेट्रोल भरण्यासाठी थांबलो, तेव्हा पंपवाला लॉइड काचेवरचा बर्फ खरवडायचे सोडून माझ्या खिडकीशी आला.

"लाइन दिवसभर एंगेज आहे, हाल्वर. मी स्वतः तीनदा लावला तेव्हा लागला. उद्या तसंच राहू दे की. कोण तक्रार करणारे?"

"तिनं सांगितलंय उद्या मी बोलायचं."

"तू?" लॉइड पुन्हा काच खरवडू लागला. "मग तर राहूच दे."

पाळक डेल आमच्या फाटकापाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातात एक कोरी कॅसेट ठेवली, वेष्टनासकट. "जुनी काढून घरी न्या, ही घाला," ते हलकेच म्हणाले. "तुम्ही बोललात की त्यांचं सांगणं पाळलं गेलं. त्यांचा आवाजही राहिला. यात कुणाचं काय बिघडतं?"

खरोखर, माझे वचन सोडले तर कोणाचेच काही बिघडत नव्हते. शुक्रवारी पहाटे तळघरात बसून मी हाच विचार करीत होतो. कॅसेट माझ्या खिशात होती. मग मला वाटले, बदलायची तरी घाई कशाला? आणखी एक दिवस आहे तसेच असावे. आर्डिस इस्पितळात आहे, तिला कोण सांगणार? मी टोपी डोक्यावर चढविली.

इतक्यात फोन वाजला आणि यंत्राने तो उचलला. आर्डिसचा आवाज त्या रित्या तळघरात उमटला. "आज गुरुवार. देवाने दिला, आपण घेतला." मी जागीच थबकलो. पंपाची गोष्ट झाली, आमेन झाले. त्यानंतर फोन करणाराला काही निरोप ठेवावयाचा असल्यास यंत्र एक शिट्टी देत असे. शिट्टी झाली.

"आर्डिस, बाळा, मी हिल्मा. वृद्धाश्रमातून." हिल्माबाईंची दृष्टी केव्हाच गेली होती. "तू म्हणालीस आज गुरुवार. पण गुरुवारची आंघोळ मला काल घातली गं. की नाही घातली? इथल्या पोरी मला काही सांगत नाहीत, हो हो म्हणतात नुसत्या. मी तुझ्याच सांगण्यावर चालते. तू गुरुवार म्हटलंस की मी गुरुवार धरते. माझं डोकं गेलं का गं? प्रार्थना कर माझ्यासाठी. आणि... आज वार कोणता ते सांग."

फोन बंद झाला.

मी टोपी काढली. खिशातली कॅसेट बाहेर घेतली, तिच्या वेष्टनाला नख लावले, आणि थांबलो. जुनी कॅसेट घरी नेली असती तर मी ती खुर्चीत बसून ऐकली असती, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. आज ऐकली असती, उद्याही. आणि आर्डिस दारात उभी राहून माझ्या वळण्याची वाट पाहत राहिली असती, कारण हाक मारण्याचे साधन तिच्यापाशी आता उरले नव्हते.

कोरी कॅसेट मी तळघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पाळकांच्या खोक्यात परत टाकली.

भट्टी शमण्याची वाट पाहिली. मग लाल बटण दाबले. बटण दाबल्यावर काय पुसले जात आहे ते मला ठाऊक होते, म्हणून मी डोळे मिटले नाहीत.

"आज शुक्रवार," मी म्हणालो. माझा आवाज गोठ्यात असतो तितका मोठा झाला. "हिल्माबाई, आज शुक्रवार आहे. तुमचं डोकं ठीक आहे. चूक आमची झाली. देवाने शुक्रवार दिला, आपण घेतला. आर्डिस जिवंत आहे. तिचा आवाज गेला. मला याचं फार वाईट वाटतं, आणि देवावर भरवसा ठेवायला आज मला जड जातंय. तरी ठेवतो. आता मला गाईंना चारा घालायचाय. एक गाय रात्री व्यालीय, वासरू उभं राहिलंय. आमेन."

पुन्हा नीट म्हणावे असे वाटले, पण भट्टी सुरू झाली होती.

गोठ्याचे काम उरकून मी रेजायनास पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते. आर्डिसच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. परिचारिका पलंगाशी टेलिफोन धरून उभी होती, आणि आर्डिस उशीला टेकून, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत होती. तिचे लक्ष माझ्याकडे गेले. मी आत पाऊल टाकणार, तोच तिने एक बोट उंचावून मला थांबविले. मध्येच येऊ नकोस, पुरते ऐकू दे.

मी टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी उभा राहिलो.