मोहाशेजारची सावनी

मित्रांनो, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. पानं झडली म्हणजे मी मेले नाही! आम्ही सावनीची झुडपं हिवाळ्यात पानं गाळतो आणि फाल्गुनात पुन्हा फुटतो. एवढं साधं कुणाला कळलं नाही, म्हणून माझ्या जिवावर बेतलं.

माझा जन्म सावली गावचा, अन्नपूर्णाच्या माहेरच्या अंगणातला. लग्न होऊन ती पोंभुर्ण्याकडच्या या जंगलगावात निघाली, तेव्हा तिच्या आईनं माझी वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिली. पुढे आई गेली. रस्ता रुंद झाला, त्यात तिकडचं मूळ झाडही गेलं. आईच्या हातची म्हणून उरले ती मी एकटी. अन्नपूर्णा मला पौषात छाटायची, बुडाशी शेणखत घालायची. श्रावणात मी कमरेएवढी असूनही गुलाबी झुबक्यांनी अशी भरायचे, की वाटेवरची माणसं थांबायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

तिचा सासरा लालसू मात्र कुरकुरायचा, "ना फळ, ना भाजी. नुसतीच जागा अडवते."

आमच्याकडे मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे स्वच्छ भुईवरून फुलं वेचता येतात. माझ्यापासून चार पावलांवर मोठा मोह आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात लालसूनं तिथला पाला लोटला आणि माझ्या बुडाशीही ढकलला. मला वाटलं, चुकून आला असेल. छे! माझ्याकडे बघूनच तो म्हणाला, "हे तं वाळून गेलं. जाऊ दे संगंच जळून."

आणि त्यानं काडी ओढली.

मी ओरडणार कशी? पाय असते तर पळाले असते. आधी धूर आला, मग आच. माझ्या फांद्यांवर नुकते डोळे फुटत होते, ते चरचर करपले. अन्नपूर्णा हातपंपावर गेलेली. एक फांदी पेटली, दुसरी पेटली. संपलं सगळं, असंच मला वाटलं.

"मामाजी! काय करून राह्यले तुमी?"

पाणी घेऊन परतलेल्या अन्नपूर्णानं डोक्यावरची भरलेली गुंडी माझ्यावर उपडी केली. चटके बसत होते तरी ती खाली बसली आणि माझी साल नखानं खरवडली. आत हिरवंगार! "पाहा, जित्ती हाये थे! माह्या मायची येवढीच खूण हाये माह्यापाशी."

लालसूनं वाकून ती साल पाहिली. मग त्यानं जांभळीची डहाळी मोडली आणि उरलेली आग स्वतः बडवून विझवली. "मले का मालूम, बाई," एवढंच तो पुटपुटला.

माझं वरचं अंग गेलं. दोन महिने तिथे नुसता काळा खुंट होता. अन्नपूर्णा त्यालाच रोज पाणी घालायची. फुटेन की नाही, माझं मलाच ठाऊक नव्हतं. वैशाखात बुडातून एक तांबूस कोंब आला. तो सगळ्यात आधी कुणी पाहिला, सांगू? लालसूनं.

आता तो मोहाखाली खराट्यानं झाडतो. हिवाळ्यात माझी पानं झडली की गुपचूप येतो, नखानं एवढीशी साल खरवडतो, आणि हिरवं दिसलं की खोकत निघून जातो. दुखतं हो मला! पण मी ते सोसते. मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी असं उघडंबोडकं उभं असेल, तर काडी ओढण्याआधी एकदा नख लावून बघा.